साताऱ्याची फिर्याद, सांगलीचे कैदी

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना महामार्गावर आनेवाडीचा टोलनाका लागतो. नाक्यामुळे गावाचे नाव प्रवाशांच्या ओळखीचे झाले आहे. पण जावळी तालुक्यातील या गावाची आणखी एक ओळख २०१७ नंतर देशभर पोहोचली. भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांच्या घराण्याचे नाते या गावाशी आहे आणि त्यांचा जन्म सांगलीचा. मार्च २०१६ मध्ये ते पाकिस्तानच्या कैदेत पडले. इराणमध्ये व्यवसाय करणाऱ्या या माणसाला पळवून नेण्यात आले, असे भारताने सातत्याने सांगितले. १० एप्रिल २०१७ रोजी तेथील लष्करी न्यायालयाने त्यांना देहदंड फर्मावल्याचे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी संसदेच्या दोन्ही सभागृहांत पक्षभेद विसरून संताप व्यक्त झाला. नामवंत वकील द्या, सारी शक्ती पणाला लावा, अशी मागणी विरोधी बाकांवरूनही झाली. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सभागृहाला ग्वाही दिली, की हा केवळ आपल्या मातापित्यांचा नव्हे, साऱ्या देशाचा पुत्र आहे.

त्या दिवशी अनेकांच्या मनात एक शंका आली असेल. दिल्लीच्या सभागृहात उच्चारलेल्या शब्दांचा सीमेपलीकडच्या कोठडीतील माणसाला काय उपयोग? लोकप्रतिनिधींनी प्रश्न विचारावेत, मंत्र्यांनी निवेदने करावीत, वृत्तपत्रांनी ती छापावीत. एवढ्याने परमुलखातील तुरुंगाचे कुलूप निघते काय?

सातारा आणि एके काळी दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाणारा सांगली जिल्हा यांनी या शंकेचे उत्तर फार जवळून पाहिले आहे. एकदा साताऱ्याची फिर्याद परक्यांच्या पार्लमेंटमध्ये गेली. एकदा सांगलीच्या सुपुत्रासाठी स्वतंत्र भारताची संसद बोलली. दोन्ही कथांचा शेवट निराळा झाला. तो तसा का झाला, हे समजून घेतल्यास आजच्या लोकप्रतिनिधींकडून नेमके काय मागायचे, हेही उमगेल.

लंडनच्या दारी

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला. प्रतापसिंहांनी कारभार इतका नेटका ठेवला, की ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी १८३५ मध्ये त्यांच्यासाठी प्रशस्तिपत्र आणि रत्नजडित तलवार मंजूर केली. ते प्रशस्तिपत्र मुंबई सरकारने महाराजांच्या हाती पडूच दिले नाही. ज्या हातात तलवार द्यायची, त्याच हातांवर थोड्याच काळात राजद्रोहाचा आळ आला. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी पत्रव्यवहार, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान आणि इंग्रजी पलटणीतील शिपायांना फितविण्याचा प्रयत्न, असे हे तीन आरोप होते.

गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. आरोप मान्य असल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील, असा त्याचा प्रस्ताव होता. महाराजांनी सही नाकारली. आपली चौकशी करा, पुरावा समोर ठेवा, आपले म्हणणे ऐकून घ्या, एवढेच त्यांचे मागणे होते. ते कोणीही ऐकले नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये रात्रीच्या अंधारात त्यांना राजवाड्यातून बाहेर काढण्यात आले आणि पुढे काशीला पाठविण्यात आले. गादीवर त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब आले.

न्याय मिळाला तर तो लंडनमध्येच मिळेल, या भावनेने महाराजांनी आपले वकील तिकडे धाडले. त्यांत रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांच्या कुळातील, शिवकालीन दादाजी नरस प्रभूंचे वंशज रंगो बापूजी गुप्ते अग्रणी होते. १८४० मध्ये लंडनला पोहोचलेला हा माणूस सुमारे तेरा-चौदा वर्षे तेथेच पाय रोवून बसला. परकी भाषा, परके हवामान, आटत गेलेला पैसा आणि वाढत गेलेले कर्ज यांपैकी कशानेही तो ढळला नाही. कंपनीच्या संचालकांनी त्याला वकील म्हणून मान्यताच दिली नाही. तक्रार असेल तर ती मुंबई सरकारमार्फत यावी, हे त्यांचे उत्तर होते. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच हातून ती पाठवायची, असा हा न्याय होता.

तेव्हा रंगो बापूजींनी दुसरी दारे ठोठावली. निवेदने छापून वाटली, भागधारकांच्या सभांमधून प्रश्न उपस्थित करविले आणि पार्लमेंटच्या सभासदांना गाठले. त्यांना माणसे भेटली, आणि ती चांगली माणसे होती, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. जोसेफ ह्यूम यांनी कॉमन्स सभागृहात साताऱ्याच्या अन्यायाचा प्रश्न पुन्हा पुन्हा मांडला. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत गाजलेले वक्ते जॉर्ज थॉम्प्सन यांनी महाराजांची बाजू हिरिरीने घेतली; १८४७ मध्ये ते स्वतः पार्लमेंटमध्ये निवडून आले. संचालक मंडळातही काहींनी विरोधी मत लेखी नोंदविले. साताऱ्यास पूर्वी रेसिडेंट राहिलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी महाराजांच्या बाजूने साक्ष दिली. पुराव्यातील काही कागदांच्या खरेपणाविषयी गंभीर शंका उघडपणे मांडल्या गेल्या. मागणी अखेरपर्यंत तीच होती: चौकशी करा.

चौकशी झाली नाही. नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष सर जॉन हॉबहाउस सरकारच्या वतीने ठाम उभे राहिले आणि सरकारचे बहुमत त्यांच्या पाठीशी होते. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीला निवर्तले. एप्रिल १८४८ मध्ये शहाजी महाराजही गेले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचा या कृतीला विरोध होता. तोही वाया गेला. १८५३ च्या अखेरीस रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले.

पुढचा इतिहास सातारकरांना ठाऊक आहे. १८५७ मध्ये या वृद्ध वकिलाने अर्ज-विनंत्यांचा मार्ग सोडून उठावाची सिद्धता केली. कट फुटला. ते स्वतः निसटले आणि पुन्हा कोणाच्याच हाती लागले नाहीत. पण ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त देण्यात आला. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. सनदशीर मार्गाने न्याय मागणाऱ्याला सर्व सनदशीर दारे बंद केली, की काय घडते, याचा तो माळ साक्षीदार आहे.

सज्जनांचा पराभव

ह्यूम आणि थॉम्प्सन यांचा पराभव का झाला? त्यांच्या वक्तृत्वात उणीव नव्हती, अभ्यासातही नव्हती. शिवाय त्या पार्लमेंटला अशा प्रश्नांची परंपरा होती. एडमंड बर्क यांनी वॉरन हेस्टिंग्जवर हिंदुस्थानातील अत्याचारांबद्दल महाभियोग चालविला, तो १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. त्यानंतर अवघ्या ४४ वर्षांनी प्रतापसिंहांना साधी सुनावणीही नाकारण्यात आली. म्हणजे आरोपी इंग्रज असेल तर सात वर्षांचा खटला, आणि आरोपी छत्रपतींचा वंशज असेल तर एका रात्रीत सोक्षमोक्ष.

पराभवाचे कारण त्या सभागृहाच्या रचनेत होते. कॉमन्सच्या एकाही सभासदाला निवडून देणारा मतदार साताऱ्यात नव्हता. साताऱ्यावर अन्याय झाला म्हणून लंडनमध्ये कोणाची जागा जाणार नव्हती, कोणाचे मंत्रिपद डळमळणार नव्हते. उलट राज्य खालसा झाल्यास महसूल वाढणार होता. परक्याच्या सभागृहातील करुणा खरी असू शकते; पण तिची मर्यादा तेथल्या तिजोरीपाशी येऊन थांबते. साताऱ्याच्या बाजूने बोलणारे सदसद्विवेकाला जागून बोलत होते, विरोधात मत देणारे हिशोबाला जागून मत देत होते, आणि मतमोजणीत हिशोब जिंकला.

तरीही त्या प्रश्नांचे काहीच फळ नव्हते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पार्लमेंटमध्ये प्रश्न आल्यामुळे साताऱ्याविषयीचे कागदपत्र छापावे लागले. सरकारने काय लपविले, कोणत्या साक्षी घेतल्या, कोणत्या नाकारल्या, हे त्यामुळे नोंदले गेले. प्रबोधनकार ठाकरे यांचा ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हा १९४८ चा ग्रंथ असो वा मेजर बामनदास बसू यांचा साताऱ्यावरील ग्रंथ असो, ही फिर्याद पुढच्या पिढ्यांपुढे पुन्हा मांडता आली, त्यात रंगो बापूजींच्या त्या चिवट वर्षांचा मोठा वाटा आहे. सभागृहातील प्रश्न हरला, तरी तो अन्यायाला नामानिराळे राहू देत नाही.

सांगलीचा मनोहर आपटे

दुसरी कथा शंभर वर्षांनंतरची आहे. सांगलीत जन्मलेला मनोहर आपटे नावाचा तरुण स्वातंत्र्यानंतर गोव्यात गेला. सावईवेरे येथे शिक्षक म्हणून राहिला आणि मोहन रानडे या नावाने आझाद गोमंतक दलात सामील झाला. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात तो गोळ्या लागून जखमी झाला आणि पकडला गेला. पोर्तुगीज न्यायालयाने त्याला २६ वर्षांची शिक्षा दिली. त्यातील कित्येक वर्षे एकान्तवासाची होती. पुढे त्याला गोव्यातून हलवून लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात ठेवण्यात आले.

१९५५ हे गोवा सत्याग्रहाचेही वर्ष होते. त्यात लोकप्रतिनिधी केवळ भाषणे करून थांबले नाहीत. लोकसभेचे विद्यमान सदस्य त्रिदिब चौधरी सत्याग्रही म्हणून गोव्यात शिरले आणि १९५७ पर्यंत पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिले. जनसंघाची तुकडी घेऊन गेलेले जगन्नाथराव जोशी, समाजवादी नेते ना. ग. गोरे यांनीही तो तुरुंग भोगला. दोघेही पुढे संसदेत गेले. परदेशी सत्तेच्या अत्याचाराविरुद्ध बोलणाऱ्या सदस्याच्या शब्दाला स्वतःच्या भोगाचे वजन असले, की तो शब्द कसा पेलतो, हे त्या पिढीने दाखविले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. गोव्याच्या तुरुंगांची दारे उघडली. पण रानडे तेव्हा लिस्बनच्या कोठडीत होते. गोव्यात तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक भारताच्या हाती लागले होते. मे १९६२ पर्यंत त्यांना सन्मानाने मायदेशी पाठविण्यात आले. त्या वेळी रानडे आणि त्यांच्यासारखेच पोर्तुगालमध्ये कैदेत असलेले तेलो मास्कारेन्हस यांची सुटका पदरात पाडून घेतली गेली नाही. हाती असलेली एकमेव किल्ली अशी सहज हातून गेली. पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तुटलेले असल्याने पुढे बोलायचे झाले तरी तिसऱ्याच्या तोंडाने बोलावे लागत होते.

पण एक मोठा फरक होता. रंगो बापूजींना परक्यांच्या दारात उभे राहावे लागले होते, रानड्यांच्या पाठीशी स्वतःची संसद होती. त्यांच्या सुटकेचा प्रश्न संसदेत उपस्थित होत राहिला. परराष्ट्र खात्याला उत्तरे द्यावी लागली, प्रयत्न चालू असल्याचे सांगावे लागले, आणि ते सांगितल्यावर प्रयत्न करावेही लागले. बाहेर सुधीर फडके यांच्यासारख्या कार्यकर्त्या कलावंताने रानड्यांच्या सुटकेसाठी जनमत जागे ठेवले. ज्या स्वरांनी घराघरात रामकथा पोहोचविली, तो माणूस एका विस्मृतीत जाऊ पाहणाऱ्या कैद्यासाठी वर्षानुवर्षे झटत राहिला.

आणि मग मदत आली ती अनपेक्षित दिशेने. मद्रासचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई १९६८ मध्ये परदेश दौऱ्यावर असताना व्हॅटिकनला गेले. पोप सहावे पॉल यांच्या भेटीत त्यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. पोर्तुगालच्या तुरुंगातील रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकावा, एवढीच विनंती केली. तमिळ भूमीचा एक नेता, द्रविड राजकारणाचा अध्वर्यू, सांगलीच्या मराठी क्रांतिकारकासाठी रोममध्ये रदबदली करतो, ही भारताच्या एकात्मतेची किती लोभस साक्ष आहे! याच वर्षी सप्टेंबरमध्ये सालाझार सत्तेवरून दूर झाला आणि मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाला. जानेवारी १९६९ मध्ये मोहन रानडे सुटले. ३ फेब्रुवारीला अण्णादुराईंचे निधन झाले. मास्कारेन्हसही १९७० मध्ये मुक्त झाले. रानड्यांना २००१ मध्ये पद्मश्री लाभली. २०१९ मध्ये पुण्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

या सुटकेचे श्रेय एका कोणाचे नाही. संसदेतील प्रश्नांनी नाव जिवंत ठेवले, समाजाच्या आग्रहाने सरकारला स्वस्थ बसू दिले नाही, आणि अण्णादुराईंनी तुरुंगाधिकारी ज्याचे ऐकेल, असा माणूस शोधला. कॅथलिक पोर्तुगाल दिल्लीचे ऐकत नव्हते, रोमचे ऐकत होते. परदेशातील अत्याचाराविरुद्ध दाद मागताना हाच खरा प्रश्न असतो: समोरचा कोणाचे ऐकतो?

शब्दामागचे बळ

जगातील कायदेमंडळांचा अनुभव याहून निराळा नाही. अमेरिकी काँग्रेसने १९७० च्या दशकात कायदा करून आपल्या परराष्ट्र खात्याला जगभरातील मानवी हक्कांच्या स्थितीचा अहवाल दरवर्षी सादर करणे भाग पाडले आणि आर्थिक मदतीशी त्याची सांगड घातली. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर निर्बंध घालणारा कायदा अध्यक्ष रेगन यांनी नाकाराधिकार वापरून अडविला, तेव्हा काँग्रेसने तो नकार ओलांडून कायदा संमत केला. तेथे शब्दामागे पैशाची ताकद होती, म्हणून शब्द चालला. १९७१ मध्ये मात्र चित्र वेगळे होते. पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या छावण्या पाहून गेलेले सिनेटर एडवर्ड केनेडी आपल्या सरकारवर तुटून पडले. पण निक्सन यांना याह्या खानांची गरज होती. केनेडींचा आवाज जगाने ऐकला, व्हाइट हाउसने ऐकला नाही.

त्याच वर्षी भारताच्या संसदेने काय केले, हे विसरता कामा नये. ढाक्यातील संहार सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत, ३१ मार्च १९७१ रोजी, दोन्ही सभागृहांनी पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव एकमुखाने संमत केला. त्यामागे पुढे राष्ट्राची सारी शक्ती उभी राहिली. त्याही आधी, एप्रिल १९५० मध्ये, पूर्व बंगालमधील हिंदूंच्या वाताहतीबद्दल नेहरू-लियाकत करार पुरेसा नाही, असे ठाम मत असल्याने डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी मंत्रिपदाचा त्याग केला आणि आपली कारणे संसदेपुढे मांडली. सीमेपलीकडील माणसांच्या यातनांसाठी सत्तेची खुर्ची सोडणारा लोकप्रतिनिधी आपल्या प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी उभा राहिला. परदेशातील अन्यायाविरुद्ध बोलण्याची परंपरा भारताला पाश्चात्त्यांकडून उसनी घ्यावी लागलेली नाही.

दोन आक्षेप

या विषयावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की सभागृहात गलबला केल्याने पडद्याआडची बोलणी बिघडतात. कैद्याचे भले शांत मुत्सद्देगिरीतच असते. यात तथ्य आहे. मंत्र्याने वाटाघाटीचा प्रत्येक तपशील सभागृहात उघडा करावा, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. परंतु शांतता आणि विस्मरण यांत फरक आहे. मे १९६२ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज सैनिक परत जात असताना सभागृहाने रानड्यांच्या नावाचा हट्ट धरला असता, तर पुढची सात वर्षे वाचली असती काय? याचे उत्तर इतिहास देणार नाही, पण हा प्रश्न मनातून जातही नाही. बंद दाराआडच्या बोलण्यांना धार येते ती दाराबाहेर कोणी वाट पाहत उभे आहे, याच्या जाणिवेने.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. आपण इतरांविषयी बोललो, तर इतर आपल्याविषयी बोलतील. ते बोलतातच. १३ जुलै २०२३ रोजी युरोपीय संसदेने मणिपूरवर ठराव केला आणि भारताने तो अंतर्गत बाबीतील हस्तक्षेप म्हणून झिडकारला. ज्यांच्या पूर्वजांनी प्रतापसिंहांना सुनावणीही दिली नाही, त्या खंडाने न्यायाचे धडे द्यावेत, याचा संताप येणे स्वाभाविक आहे. पण संताप हे उत्तराचे अर्धेच अंग आहे. मणिपूरवर लोकसभेत खऱ्या अर्थाने चर्चा झाली ती ऑगस्टमध्ये, अविश्वास प्रस्तावाच्या निमित्ताने. तोवरचे कित्येक दिवस गदारोळात आणि तहकुबीत गेले. आपल्या घरचे दुःख आपल्याच सभागृहात आधी आणि मोकळेपणाने मांडले गेले, तर परक्याच्या ठरावाला सांगण्यासारखे काही उरत नाही. जे सभागृह स्वतःविषयीचे प्रश्न ऐकून घेते, त्याच्याच प्रश्नांना बाहेर वजन येते.

काचेपलीकडची भेट

या पार्श्वभूमीवर जाधव प्रकरणाकडे पाहावे. एप्रिल २०१७ मधील संसदेचा एकमुखी संताप तेवढ्यावर विरला नाही. ८ मे २०१७ रोजी भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर देशाची बाजू मांडली. १८ मे रोजी न्यायालयाने फाशीला स्थगिती दिली. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ अशा बहुमताने निकाल लागला, की पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे. जाधवांना भारतीय दूतावासाशी संपर्काचा हक्क मिळाला पाहिजे आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे. सुटकेची भारताची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. येथेही तोच धडा दिसतो. पाकिस्तान दिल्लीचे ऐकत नव्हता. पण जो करार त्याने स्वतः स्वीकारला होता, तो करार त्याला पुरता झुगारता आला नाही.

मधल्या काळातील एक प्रसंग संसदेच्या कामकाजात कायमचा नोंदला गेला आहे. २५ डिसेंबर २०१७ रोजी जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांच्या भेटीस गेल्या. मध्ये काच होती. सुरक्षेच्या नावाखाली दोघींची मंगळसूत्रे, बांगड्या, टिकली उतरविण्यात आली. मराठीत बोलू दिले नाही. नेहमी साडी नेसणाऱ्या आईला सलवार-कुर्ता घालायला लावला. आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही, हे पाहून मुलाने पहिला प्रश्न विचारला तो वडिलांच्या कुशलाचा. तीनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, सुषमा स्वराज यांनी हे सारे दोन्ही सभागृहांत सांगितले. सातारा-सांगलीतील कोणत्याही घरातील माउलीला त्या काचेचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

पाकिस्तानने २०२१ मध्ये फेरविचारासाठी कायदा केला. पण कागदावरचा फेरविचार आणि प्रत्यक्ष न्याय यांतील अंतर त्याने मिटले नाही. संसदेची खरी कसोटी अशाच वेळी लागते. शिक्षा जाहीर झाली त्या दिवशी बोलणे सोपे असते, कारण त्या दिवशी सारा देश ऐकत असतो. निकालाला वर्षे लोटल्यावर, वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे दुसरीकडे वळल्यावर विचारलेला प्रश्न अधिक मोलाचा असतो.

त्यासाठी नवे आयुध शोधण्याची गरज नाही. तारांकित प्रश्न आहे, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. शून्य प्रहर आहे. परराष्ट्र व्यवहाराची स्थायी समिती आहे. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन साधारणतः तीन महिन्यांत पुरे व्हावे, यावर लक्ष ठेवणारी शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून काम करते. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्या यादीत कराचीच्या तुरुंगात खितपत पडणारे किनारपट्टीचे गरीब मच्छीमारही असतात. परदेशातील तुरुंगांत असलेल्या भारतीयांचे आकडे सरकार प्रश्नोत्तरांत देते. पण आकडा पटलावर ठेवला, की काम संपले असे होऊ नये. यादी आली, की त्या अधिवेशनात तिच्यावर चर्चा व्हावी. कोण सुटला, कोणाला वकील मिळाला, कोण आजारी आहे, कोण तेथेच मरण पावला, याची नावानिशी विचारणा व्हावी. पाकिस्तान आणि बांगलादेशातील हिंदू, शीख, बौद्धांवरील अत्याचारांबाबतही हीच रीत हवी: दंगलीनंतरची एका दिवसाची घोषणाबाजी नको, माहितीवर आधारलेला वर्षभराचा पाठपुरावा हवा.

आणि लोकप्रतिनिधी एवढे करतील ते मतदारांनी विचारले तरच. सातारा आणि सांगलीचे खासदार मतासाठी दारात येतात, तेव्हा रस्ते, पाणी आणि उसाच्या दराबरोबर त्यांना आणखी एक प्रश्न विचारता येईल: आपल्या जिल्ह्याच्या सुपुत्रासाठी गेल्या अधिवेशनात आपण सभागृहात काय विचारले? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. एक पोस्टकार्ड पुरते.

रंगो बापूजींना असा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ज्या सभागृहापुढे ते उभे होते, ते त्यांचे नव्हते, म्हणून सारे आयुष्य झिजवूनही त्यांना एक चौकशी मिळाली नाही. मोहन रानड्यांना स्वतःचे सभागृह होते, तरीही तेरा वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला. गेंडामाळावर आज सातारकर श्रद्धेने नतमस्तक होतात. त्या हुतात्म्यांनी प्राण देऊन जे मिळवू पाहिले, ते आपले सभागृह आपल्याला लाभले आहे. त्याचा आवाज आनेवाडीच्या एका घरासाठी किती दिवस टिकतो, यावरच त्या वारशाचे मोल ठरणार आहे.